कॅराव्हॅन नंबर ११८७

सोमवार, ४ मार्च २०२४

हिचा नंबर कुठाय, म्हणे! त्रेसष्ट वर्षं ही चाकांवरची खोली, ही कॅराव्हॅन, आमच्या घरात आहे. त्यातली पन्नासच्या वर याच जागेवर, याच समुद्रासमोर उभी आहे. आणि आज सकाळी मी टोस्टला लोणी लावत असताना एक पोरगी हातात टॅबलेट घेऊन दारात उभी राहते आणि विचारते — नंबर कुठाय!

ब्रॉन्टी तिचं नाव. या कॅराव्हॅन पार्कची नवी मॅनेजर. तिच्यावर ओरडून उपयोग नाही, ती पगारी माणूस. पार्क विकला गेला तेव्हाच मी माझ्या लेकीला, केरीनला म्हटलं होतं, आता आपल्यासारख्या जुन्या डब्यांचं काही खरं नाही. नव्या मालकांना इथं पांढऱ्या केबिन हव्यात, दातांच्या कवळीसारख्या एका रांगेत. त्यांनी नियम काढलाय की कागदावरचा नंबर आणि कॅराव्हॅनवर ठोकलेला नंबर जुळला पाहिजे. ३१ मार्चपर्यंत जुळला तर राहा. नाही तर कॅराव्हॅन भंगारात आणि जागा मालकांकडे.

कागद आहे माझ्याकडे. आईच्या बिस्किटांच्या डब्यात, १९६१ची कारखान्याची पावती. एकाच पावतीवर दोन कॅराव्हॅन. ११८७ — एल. गॅड्सबी, म्हणजे बाबा. ११८८ — सी. पॅस्को, म्हणजे बाबांचे जिवलग दोस्त क्लॅरीकाका. दोघांनी एकाच दिवशी जाऊन आणल्या, दोन्ही साईच्या रंगाच्या, दोन्हींना हिरवा पट्टा. दोन एकदम घेतल्या म्हणून कारखानदारानं पडदे फुकट दिले होते. तेव्हा बाबांचं आणि काकांचं तसं होतं. एकानं शिंकावं आणि दुसऱ्यानं रुमाल काढावा.

पुढचं लिहीत नाही. ११८७ शोधायचा, बस्स.

मंगळवार, ५ मार्च

दाराजवळ पत्र्याची पट्टी असायची. तिथं आता चार स्क्रूंची भोकं. चौऱ्याहत्तरच्या पुरात गेली असणार.

केरीननं जुन्या कॅराव्हॅनचं वेड असलेल्या लोकांना विचारून फोन केला. आई, पुढच्या दांडीवर बघ, जिथं गाडीला जोडतात तिथं, उजव्या अंगाला. एकेक आकडा हातोडीनं ठोकलेला असतो. नाही सापडला तर कपाटाच्या आत बघ, सुतार लोक फळीवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. माझ्या लेकीला सगळं माहीत असतं, फक्त इथं येऊन चटईवर आडवं व्हायला वेळ नसतो.

झाले आडवी. एकाहत्तराव्या वर्षी! दांडीवर रंगाचे थर इतके की खाली लोखंड आहे की नाही शंका यावी. वरचा चंदेरी — तो रॉसनं लावलेला, गेट रंगवून उरलेला. रॉस माझा नवरा, त्याला जाऊन आठ वर्षं झाली. त्याखाली निळा, बाबांच्या होडीचा. त्याखाली हिरवा. आमच्या घरात उरलेला रंग कोणी टाकून देत नाही, दांडीला फासतात. तासभर खरवडून फक्त निळ्यापर्यंत पोचले.

शेजारच्या जागेत लिंडसे पॅस्को चहाचा मग घेऊन बसला होता. क्लॅरीकाकांचा मुलगा. बघत होता. बघू दे. पन्नास वर्षं बघतोच आहे.

बुधवार, ६ मार्च

पाठ धरली. दिवसभर पडून. ब्रॉन्टी गावात निघाली होती, तिच्याकडून रंग काढायचं औषध मागवलं.

गुरुवार, ७ मार्च

औषध जहाल आहे. डोळ्यांतून पाणी आलं, पण रंग सालपटासारखा निघाला. मग तारेचा ब्रश. जेवायच्या आधी एक आकडा हाताला लागला. आधी हाताला लागला, मग डोळ्यांना दिसला. १. मग आणखी एक १. मग ८. जोरात ओरडले तर पलीकडच्या बाईचा कुत्रा भुंकायला लागला.

शेवटचा आकडा मात्र गंजानं खाल्लेला. सात असणार, दुसरं काय असणार. पण ब्रॉन्टीला 'असणार' चालत नाही, तिला फोटो हवाय.

हात धुवायला आत गेले. बाहेर येते तर कुंपणाच्या खांबावर एक खडू ठेवलेला! पांढरा, शाळेतल्यासारखा. कशासाठी ते मला लगेच कळलं. पुसट आकड्यावर खडू घासायचा आणि वरून फडकं फिरवायचं, खाचेत पांढरं राहतं आणि आकडा वाचता येतो. बाबा मासेमारीच्या होड्यांच्या इंजिनांवर असंच करायचे.

लिंडसेनं ठेवला! या माणसानं पन्नास वर्षांत मला 'सरक' एवढंसुद्धा म्हटलेलं नाही. नळावर मी आले की तो बादली अर्धी भरलेली सोडून निघून जातो. आणि मीही तेच करते. आणि आज खडू!

घेतला नाही. तिथंच आहे.

शुक्रवार, ८ मार्च

खडू अजून खांबावर. सकाळी कावळ्यानं ढकलून पाडला. मी जाऊन उचलून परत वर ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली.

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. ही वही कोण वाचणार आहे!

बाबा आणि क्लॅरीकाका दर हिवाळ्यात लायटनिंग रिजच्या खाणींत ओपलचे खडे खणायला जायचे. अकरा हिवाळे गेले. इतक्या वर्षांत खरा म्हणावा असा एकच खडा सापडला, बाबांच्या कुदळीखाली. काळा, आणि हलवला की आत लाल-हिरवी आग. क्लॅरीकाकांनी वाटा मागितला नाही. बाबांना म्हणाले, लेस, हा नोलीनच्या अंगठीला लाव. कारण माझं आणि लिंडसेचं लग्न ठरलेलं होतं. बाबांचा बँकेवर विश्वास नव्हता, तेव्हा त्यांनी तो ओल्या कापसात गुंडाळून तंबाखूच्या डबीत घातला आणि कॅराव्हॅनच्या भिंतीत, कपाटामागच्या फळीआड ठेवला. ही जागा ठाऊक तिघांनाच — बाबा, आई आणि क्लॅरीकाका.

१९७४च्या जानेवारीत पार्कामागच्या नदीला पूर आला. पूर ओसरल्यावर बाबांनी फळी उघडली. स्क्रू सगळे जागच्या जागी, व्यवस्थित पिळलेले. आत काही नाही.

फोडाफोड नाही म्हणजे माहितीतला माणूस. बाबांना एवढं पुरलं. त्यांनी क्लबात, सगळ्या मच्छीमारांसमोर, क्लॅरीकाकांना चोर म्हटलं. काकांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि निघून गेले. परत कधी क्लबात पाऊल ठेवलं नाही. शहात्तरच्या ऑगस्टमध्ये वारले. आमच्या घरातून मयताला कोणी गेलं नाही. मीही नाही.

आणि लिंडसे. मी त्याला तेव्हा एकच विचारलं होतं, तुझ्या बाबांनी घेतला का रे? आरोप नव्हता तो. मी फक्त विचारलं होतं! त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हापासून बोलला नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. गॅड्सबी लोक समजूत काढायला जात नाहीत.

जागा मात्र कोणीच सोडली नाही. ३१ आमची, ३२ त्यांची. सोडली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं ना.

शनिवार, ९ मार्च

घेतला खडू.

घासला, फडकं फिरवलं. 

आठ.

सात नाही. आठ! ११८८! परत घासला, परत पुसला. चष्मा बदलला. फोनवर फोटो काढून मोठा करून पाहिला. दोन गोल, एकावर एक, ढळढळीत. सात कुठल्याही बाजूनं पाहिला तरी असा दिसत नाही.

पावती काढली. ११८८ — सी. पॅस्को.

संध्याकाळचं जेवण केलं नाही. नुसती बसून आहे. ज्या गादीवर बसलेय ती —

नाही. कारखान्यातच चूक झाली असेल. पावती लिहिणाऱ्यानं नावं उलटी लिहिली असतील. उद्या कपाट बघते.

रविवार, १० मार्च

कपाट रिकामं केलं. कपडे, रॉसच्या माशांच्या गळांची पेटी, जुनी छत्री, सगळं बाहेर अंगणात. टॉर्च घेऊन आत शिरले. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला, जिथं कोणाची नजर जात नाही तिथं, सुतारी पेन्सिलीनं लिहिलंय — ११८८. आणि त्याखाली एक शब्द. पॅस्को.

नावच लिहिलंय! कुठल्या गिऱ्हाइकाची ते कळावं म्हणून सुतारानं लिहून ठेवलं. त्रेसष्ट वर्षं ते तिथं आहे. मी याच कपाटात केरीनचे लंगोट ठेवले!

म्हणजे ही आमची नाहीच. मी पन्नास वर्षं पॅस्कोंच्या घरात झोपतेय. आमची शेजारी उभी आहे.

आणि मग आठवलं.  कपाटात बसकण मारली, तिथंच किती वेळ कोण जाणे.

पुरानंतर बाबा आणि काका गावात लोकांची घरं उपसत होते. पार्कात कोण आलं? आम्ही दोघं. मी एकवीस वर्षांची, लिंडसे तेवीसचा, उसना ट्रॅक्टर. दोन्ही कॅराव्हॅन नदीकाठच्या झाडीत रुतलेल्या, छपरापर्यंत चिखल. गाद्या, पडदे, भांडी, सगळं वाहून गेलेलं. रस्त्यावर न्यायच्या नाहीत म्हणून नंबरपाट्या कधीच काढून परत केलेल्या. पाइपनं धुतल्या तरी दोन्ही सारख्याच, एका साच्यातल्या. मी विचारलं, यातली आमची कुठली? तो म्हणाला, कुंपणाकडची तुमची असेल. मी म्हटलं, नसली तर? तो ट्रॅक्टरवरून हसला. म्हणाला, 'वर्षभरात दोन्ही आपल्याच होणार आहेत, नोलीन. ठेव कुठलीही कुठेही.'

मी ठेवली. मी दाखवलं, त्यानं ओढली. दोघं चिखलात माखलेले, हसून हसून दमलेले. आयुष्यात त्या दिवशीइतकी मी परत हसले नसेन.

आणि बाबांनी जी फळी उघडली ती पॅस्कोंची होती! ती रिकामीच असणार! चोरी झालीच नाही. कधी झालीच नव्हती. एक निष्पाप माणूस चोर म्हणून मेला, कारण मी चिखलात उभी राहून बोटानं दाखवलं — ही आमची.

बाबा एक्क्याण्णवमध्ये गेले. दवाखान्यात शुद्ध हरपायच्या आधी म्हणाले होते, क्लॅरी असा निघेल वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून मान डोलावली होती.

सोमवार, ११ मार्च

झोप नाही. चहा केला, प्यायले नाही. केरीनचा फोन आला, नंबर सापडला का गं? मी म्हटलं, सापडला. मग? म्हटलं, मग काही नाही.  आधी हे ज्याचं आहे त्याला सांगायला हवं.

दहा वाजता ब्रॉन्टी आली. माझं नाही, शेजारचं सांगायला. मिस्टर पॅस्कोंकडे काहीच कागद नाहीत, पुरात गेले म्हणाले. त्यांनी अर्जसुद्धा केला नाही, आणि अर्ज नाही त्याला ३१पर्यंतची मुदत नाही. तेव्हा त्यांची कॅराव्हॅन गुरुवारी उचलणार, ट्रक सांगून ठेवलाय. तुमच्या कुंपणाचा एक खांब काढावा लागेल, चालेल ना?

मी विचारलं, उचलून कुठं नेणार?

'भंगारवाल्याकडे. यंत्रात घालतात, दोन मिनिटांत चपटी होते.' अगदी गोड आवाजात सांगितलं तिनं.

दोन मिनिटांत! बाबांचा खडा, क्लॅरीकाकांचं नाव, सगळं चपटं. गुरुवारी! आज सोमवार. मी दारात उभी राहून ३२ नंबरकडे बघत राहिले. तो आत रेडिओ लावून बसला होता. हाक न मारताच आत आले.

उद्या. उद्या नक्की.

मंगळवार, १२ मार्च

तीनदा कुंपणापर्यंत गेले. दोनदा परत आले. तिसऱ्यांदा तो स्वतःच उठून आला. हातात मासे साफ करायची सुरी, अंगात तो भयंकर नारिंगी शर्ट.

पन्नास वर्षांत मी त्याला जवळून पाहिलं नव्हतं. भुवया पार पांढऱ्या झाल्यात. कपाळ क्लॅरीकाकांचं.

काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, सगळं विसरले. पावती पुढं केली, फोनवरचा फोटो पुढं केला. म्हटलं, ही तुमची आहे. मी तुमच्यात राहतेय. तू माझ्यात राहतोयस. बरोबर येत नव्हतं, मग परत पहिल्यापासून सांगितलं — पूर, ट्रॅक्टर, कुंपणाकडची. सांगता सांगता रडायला लागले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. बघू देत! क्लबात सगळ्यांसमोर झालं होतं, हेही सगळ्यांसमोर होऊ दे.

तो दचकला नाही. मला वाटलं, वयानं असेल. आमच्या वयात धक्के उशिरा पोचतात.

'तुझ्या बाबांनी घेतला का, असं मी तुला विचारलं होतं,' मी म्हटलं.

'आठवतंय.'

'विचारायला नको होतं.'

त्यानं सुरीचं पातं शर्टाला पुसलं. मग म्हणाला, 'नोलीन, विचारलंस त्याचं नाही. विचारून तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, मी खोटं बोलतोय का ते.'

हे खरं होतं. अगदी खरं. मी तशीच बघत राहिले होते.

मी माफी मागितली. बाबांच्या वतीनं आणि माझ्या वतीनं, दोन वेगवेगळ्या. त्यानं मान हलवली, हो नाही की नाही नाही. मी म्हटलं, तुझी भिंत उघडायची, परवा ट्रक यायच्या आत. तो म्हणाला, उद्या सकाळी ये. पेचकस माझ्याकडे आहे.

ब्रॉन्टीला गाठून ट्रक थांबवायला सांगितलं. ती म्हणाली, मालकांना विचारते.

बुधवार, १३ मार्च

आमच्या स्वतःच्या कॅराव्हॅनमध्ये पन्नास वर्षांनी पाऊल टाकलं. सगळं आमच्यासारखंच, पण आरशातल्यासारखं वेगळं. सिंकजवळच्या फळीवर आईनं गरम तवा ठेवून पाडलेला डाग! चौकटीत नखानं खरवडलेली न्यू साउथ वेल्सच्या क्रिकेट टीमची यादी — माझी, मी आठ वर्षांची असताना. ती मागच्या दिवाणाजवळ आहे; पुरानंतरच्या रंगाखाली गेली असं मी धरून चालले होते. माझ्या आयुष्याची सुरुवात तिथं होती आणि मी चार पावलांवरच्या दुसऱ्याच्या घरात सुट्ट्या काढत होते.

लिंडसेनं कपाट पुढं ओढलं. सहा स्क्रू. सहज सुटले, अर्ध्या मिनिटात एकेक. फळी बाजूला केली, तो मागं सरकला आणि म्हणाला, तू काढ.

हात घातला. धूळ, कोळिष्टक. मग थंड पत्रा.

डबी!

वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली. गाठ सुटेना, शेवटी दोरा दातानं तोडला. आत कापूस, सुकून पिवळा झालेला. आणि त्यात तो. दाराच्या उजेडात नेला, हलवला — लाल, हिरवा, परत लाल. एवढासा, अंगठ्याच्या नखाएवढा. या एवढ्याशासाठी दोन घरं बसली.

मी पायरीवर बसून हमसून रडले. आजूबाजूचे सगळे जमले, ब्रॉन्टी टॅबलेट छातीशी धरून उभी. मी खडा वर धरून सगळ्यांना सांगितलं. क्लॅरी पॅस्को चोर नव्हते. माझ्या बाबांची चूक झाली, आणि त्याआधी माझी. त्यातल्या निम्म्या लोकांना क्लॅरीकाका कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. पण म्हातारा विन्स, जो त्या दिवशी क्लबात होता, त्यानं टोपी काढली.

लिंडसे म्हणाला, 'बरं झालं.' एवढंच. मग चहा करायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, मला ते दुःख वाटलं. वाटणारच. बाप परत थोडाच येतोय.

खडा त्याला देऊ केला. म्हणाला, तुझा आहे, माझ्या बाबांनीच तसं सांगितलं होतं. वर्तमानपत्रासकट डबी खिशात घालून आणली.

गुरुवार, १४ मार्च

ट्रक आला आणि रिकामा गेला! कारखान्याची ती एकच पावती दोघांना पुरली. तिच्यावर दोन्ही नंबर, दोन्ही नावं. ब्रॉन्टीनं दोन्ही दांड्यांचे फोटो काढले, दोन्ही जुळले. फक्त म्हणाली, कागदोपत्री तुम्ही दोघंही चुकीच्या घरात राहताय, अदलाबदल करणार का? लिंडसे म्हणाला, आता माझ्या गुडघ्यांना ही पायरी सवयीची झालीय. मी म्हटलं, माझ्याही. ती हसली, आम्हीही हसलो. एकत्र! त्याच्या वरच्या दातांत अजून तीच फट आहे.

केरीनला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, आई, म्हणजे तो पूर आला नसता तर मी नसते. मी म्हटलं, वेडी आहेस, जेव. पण तिचं बरोबर आहे.

दुपारी त्यानं कुंपणावरून तळलेला मासा दिला, लिंबासकट. मी भोपळा घातलेले गोडसर पाव, स्कोन, भाजून दिले. वाटलं, झालं. एवढ्या उशिरा का होईना, सगळं स्वच्छ झालं.

शुक्रवार, १५ मार्च

डबी पुसून तिला तेल लावावं म्हणून बसले होते. गुंडाळलेलं वर्तमानपत्र टाकून देणार होते, तेवढ्यात कोपऱ्यावरची तारीख दिसली. मंगळवार, १५ फेब्रुवारी १९७७.

पुरानंतर तीन वर्षांनी! त्याच आठवड्यात शनिवारी, १९ला, माझं रॉसशी लग्न झालं.

कागद घेऊन कुंपणाशी गेले, त्याच्यापुढं धरला. लिंडसेनं पाहिला. चष्मा काढला.

'बाबा गेल्यावर भिंतीची कुजलेली फळी बदलत होतो, तेव्हा ही डबी हाताला लागली,' तो म्हणाला. 'त्या शनिवारी याच कागदात गुंडाळून घेऊन आलो होतो. चर्चसमोर गाडीत बसलो होतो, डबी खिशात. तू बाहेर आलीस ती हसत आलीस, नोलीन. मग मी परत नेऊन ठेवली.'